चाकं जमिनीवर

कमानमास्तरांना किळस येणार नाही अशी गोष्ट या जगात अजून जन्माला यायची होती. चहावर धरलेली साय, गाडीत टांगलेले सुगंधी पुठ्ठे, काम दाखवता दाखवता मोबाइलवर बोलणारी माणसं, मेहुण्याचं हसणं, कशाकशाची म्हणून सांगायची! नाक असं मुरडायचे की वाटावं समोर कोणी सडका कांदा धरलाय. आणि गंमत बघा, हाच माणूस दिवसभर कोपरापर्यंत ग्रीसमध्ये हात घालून बसायचा आणि त्याच हातांनी बिनदिक्कत डबा उघडायचा. बायको ओरडायची, "अहो, हात तरी धुवा!" तर म्हणायचे, "ही घाण नव्हे, ही मेहनत आहे. घाण असते ती माणसाच्या कामात."

सोळाव्या वर्षी ते ट्रकचे कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगांच्या वाकड्या पट्ट्या, उतरवायला शिकले, म्हणून कमानमास्तर. खरं नाव त्यांच्या बायकोलासुद्धा फक्त कागदांवर सही करताना आठवायचं. पुढे ट्रक सोडून मोटारींकडे वळले, पण काम तेच राहिलं: गाडीचे धक्के आत बसलेल्या माणसापर्यंत पोचू द्यायचे नाहीत. पत्र्याची शेड, दोन खांबांची एक लिफ्ट, कोपऱ्यात लाकडाचे जाड ठोकळे आणि समोरच्या भिंतीवर लाल तैलरंगात स्वतःच्या हाताने लिहिलेली एक ओळ: "चाकं जमिनीवर, माणसं गाडीत, मगच शेवटचा पाना."

ही ओळ त्यांच्या उस्तादाची. गाडीच्या चाकाला धरून ठेवणारा जो लोखंडी हात असतो, त्याच्या सांध्यात एक रबरी बुश असतो आणि त्यातून बोल्ट जातो. गाडी लिफ्टवर असताना चाकं खाली लोंबतात. तशातच बोल्ट आवळला तर ते रबर लोंबत्या अवस्थेतच जखडून बसतं. मग गाडी खाली आली की ते पिळलेलंच राहतं, आणि प्रत्येक खड्ड्याला अडून बसतं, मान अवघडलेल्या माणसासारखं. म्हणून गाडी ठोकळ्यांवर चारी चाकांनी उभी करायची, रोज जी माणसं बसतात ती आत बसवायची, मास्तरांनी खाली सरपटत जायचं आणि मग शेवटचं आवळायचं. उस्ताद स्वतः ट्रकवर पोती चढवून मग पाना हातात घेत.

या ओळीपायी मास्तरांनी वीस वर्षांपासूनचा भागीदार गमावला होता. बिचाऱ्याने एकदा घाईत एक गाडी लोंबत्या चाकांवर आवळली. मास्तरांनी गिऱ्हाइकासमोरच "शी! याला काम म्हणतात? याची मला शिसारी येते," असं तोंडावर फेकलं. भागीदाराने आपले पाने उचलले आणि शेजारच्याच गाळ्यात टायरचं दुकान टाकलं. तेव्हापासून तो टायरवाला. दोघं बोलायचे, पण टोमण्यांतच.

अशा माणसाच्या नशिबात जावई कसा यावा? तर वेगाच्या गाड्यांचा शौकीन! लाल रंगाची, जमिनीला चिकटलेली, चार सायलेन्सरची गाडी घेऊन तो पहिल्यांदा शेडसमोर आला तेव्हा मास्तर पाना पुसायचं फडकं तसंच हातात धरून उभे राहिले. खालची पट्टी शेडच्या उंबऱ्याला घासली आणि असा आवाज आला की टायरवाल्यानेही मान बाहेर काढली.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, "ही गाडी आहे की रस्ता पुसायचं फडकं?"

"बाबा, शंभरला पाच सेकंदांत जाते."

"कुठे जाते? आपल्याकडे शंभरचा रस्ता कुठाय? ऑफिसला जायचं, भाजी आणायची, सिग्नलला थांबायचं. पाच सेकंदांत शंभरला जाऊन सहाव्या सेकंदाला काय, भिंतीवर जायचं?"

जावई हसला. मास्तरांना त्या हसण्याचीही किळस आली. आधीच्या मालकाने गाडीत शर्यतीच्या कडक स्प्रिंगा घातल्या होत्या, शॉकअप तर काठीसारखे ताठ, रिम एवढे मोठे आणि टायर एवढे पातळ की त्यांच्यात रबर कमी आणि दिखावा जास्त. अशी गाडी रोज वापरायची म्हणजे दगडाच्या पाट्यावर बसून घरी यायचं. मास्तरांनी एकदा वाकून खाली बघितलं, थुंकी गिळली आणि म्हणाले, "हिला मी हात लावणार नाही."

पण हात लावायची वेळ आलीच, आणि ती लेकीमुळे आली.

मास्तरांची लेक चष्म्याच्या दुकानात काचा घासायची. दिवसभर बैठं काम, मान खाली. त्यातच कमरेतली गादी सरकली. डावा पाय मुंग्या आल्यासारखा, कधीकधी अंगठा कुठाय तेच कळायचं नाही. डॉक्टरने सांगितलं, औषधं घ्या, व्यायाम करा, आणि मुख्य म्हणजे धक्के टाळा. तीन आठवड्यांनी बघू. अंगठ्याची जाणीव परत आली तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. रजा शिल्लक नव्हती. बसमध्ये उभं राहायची बंदी, रिक्षा तर त्याहून वाईट. राहिली जावयाची गाडी. जाताना चाळीस मिनिटं, येताना चाळीस, आणि मधे तो नदीवरचा जुना पूल. पुलाला सतरा लोखंडी सांधे, आणि लाल गाडी प्रत्येक सांध्याला असा दणका द्यायची की दात वाजावेत. लेक ते सांधे मोजत मोजत जायची.

"बाबा, तुम्ही बघता का गाडीचं?" ती फोनवर एवढंच म्हणाली.

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी गाडी लिफ्टवर घेतली. मन लावून काम केलं, हे कबूल करायलाच हवं. शर्यतीच्या स्प्रिंगा काढून कंपनीच्या मूळ मऊ स्प्रिंगा शोधून आणल्या. शॉकअप बदलले. टायरवाल्याकडून लहान रिम आणि जाड गालांचे टायर आणवले, हवासुद्धा दारावरच्या पट्टीवर लिहिलीय तेवढीच भरायला लावली, कारण जावई तीत दहा जास्त ठेवायचा. शेवटी सगळे जुने बुश दाबून काढले आणि नवे बसवले.

इथपर्यंत सगळं देवासारखं झालं. पण जावई दिवसभर बाजूला उभा. "बाबा, वळणावर पकड कमी तर नाही ना होणार?" "बाबा, गाडी उंच नाही ना दिसणार?" मोबाइल काढून त्याने त्या काढलेल्या स्प्रिंगांचे फोटोसुद्धा काढले, मेल्या माणसाचे काढावेत तसे! माझी लेक तिकडे अंगठा चाचपतेय आणि याला पकड हवीय. फक्त शेवटचे बोल्ट राहिले होते. आता नियमाप्रमाणे गाडी ठोकळ्यांवर घ्यायची, तिच्या त्या घाणेरड्या बुटक्या पोटाखाली सरपटत जायचं, आणि या माणसाला म्हणायचं, जावईबापू, जरा आत बसता का? याला विनंती करायची? छट्!

गाडी वरच होती. मास्तरांनी उभ्या उभ्या चारही बाजूंचे बोल्ट करकचून आवळले, पाना पेटीत फेकला आणि म्हणाले, "झालं. घेऊन जा ही ब्याद."

संध्याकाळी लेकीचा फोन आला.

"कशी चालतेय?"

"मस्त, बाबा. लोण्यासारखी."

मास्तरांनी त्या रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी टायरवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात एका गिऱ्हाइकाला सांगितलं, की गाडी कितीही माजलेली असो, हात खरा असला की ती गोगलगाय होते. टायरवाला पंक्चर काढत होता, त्याने मान वर केली नाही.

पण चार दिवस गेले, आठ गेले, आणि मास्तरांची बायको लेकीकडे जाऊन आली ती गप्प गप्पच.

"काय झालं?"

"तिला वाकून चप्पल घालता येत नाही. जावई घालून देतात."

"कौतुक सांगतेस? कमरेची वाट लावली कोणी?"

"अहो, पण गाडी तर तुम्ही नीट केलीत ना?"

या प्रश्नाला मास्तरांकडे एकच उत्तर होतं: गाडीच हलकट. जातिवंत शर्यतीची ती, तिचा मूळ स्वभाव कसा जाणार? नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्याला हजार वेळा सुनावणारा हा माणूस; पण आपल्यावर आलं की डोळे मिटले! त्यात एक दिवस त्यांनी भर रस्त्यात ती लाल गाडी पाहिली. चार सायलेन्सर, शंभरला पाच सेकंद, आणि चालली होती सायकलीच्या वेगाने. मागे भोंग्यांचा नुसता कल्लोळ. एक म्हातारा हातगाडी ढकलत तिच्या पुढे निघून गेला. मास्तर थुंकले. "एवढी गाडी घेऊन प्रेतयात्रेसारखा चालवतो! मिरवायला हवी, चालवायला नको."

तेरा दिवस झाले तेव्हा बायको कधी नव्हे ती चढ्या आवाजात बोलली. "लोकांच्या गाड्या तपासता ना? उद्या सकाळी स्वतः त्या गाडीत बसून या. मला आता तुमचं एक अक्षर ऐकायचं नाही."

मास्तर गेले. मागच्या सीटवर बसले, गुडघे छातीशी. पुढे लेक, कमरेमागे उशी, डावा हात दारावरच्या मुठीवर. जावई ताशी वीसने चालवत होता, प्रत्येक खड्डा आधी डोळ्यांनी चाचपून. मागून कोणी शिवी दिली तरी त्याने आरशात बघितलं नाही. लेक सहज बोलावं तसं बोलत होती, दुकानातल्या गमती सांगत होती. मग पूल आला आणि ती बोलायची थांबली.

पहिला सांधा. मास्तरांच्या बुडाखाली दण्ण झालं आणि ते चपापले. हा स्प्रिंगांचा धक्का नव्हता, शॉकअपचाही नव्हता. दुसरा. तिसरा. चाक वर यायला निघायचं आणि काहीतरी त्याला मधेच पकडून ठेवायचं. लेकीचे ओठ हलत होते, ती मोजत होती. नवव्या सांध्याला तिची बोटं पांढरी पडली. बाराव्याला कपाळावर घाम.

"आज रस्ताच जरा खराब आहे, बाबा," ती मागे न बघता म्हणाली.

बापाचं मन राखायला ती तेरा दिवस खोटं बोलत होती. उरलेले पाच सांधे मास्तरांनीही तिच्याबरोबर मोजले.

लेकीला दुकानावर सोडलं. जावयाने तिला हाताला धरून उतरवलं, दारापर्यंत नेलं, परत येऊन बसला.

"एवढी हळू का चालवता?" मास्तरांनी विचारलं.

"वीसच्या वर गेलो की तिला लागतं."

"मग विकून का टाकत नाही ही?"

"मी विकायलाच काढली होती, बाबा. गेल्या महिन्यातच. गिऱ्हाईक पण आलं होतं." जावई गिअरच्या दांड्याकडे बघत होता. "तिनेच नको म्हटलं. म्हणाली, माझे बाबा करतील नीट. त्यांच्या हाताखालून गेलेली गाडी कधी धक्का देत नाही."



गाडी शेडसमोर थांबली तेव्हा टायरवाला बाहेरच उभा होता. त्याने कमरेवर हात ठेवले, डोकं तिरकं केलं आणि चाकावरच्या फटीत दोन बोटं घातली. मग तिसरं घातलं.

"मास्तर, गाडी बोटभर उंच उभी आहे."

"नवीन स्प्रिंगा आहेत. बसतील."

"दोन आठवड्यांत बसायला हव्या होत्या." टायरवाल्याने बोटं बाहेर काढली. "मी ज्या गाडीला घाई केली होती ना, ती पण अशीच उभी होती."

बस्स. एवढंच म्हणाला तो. लिफ्ट, लोंबती चाकं, करकचून आवळलेले बोल्ट, पेटीत फेकलेला पाना, सगळं लख्ख आठवलं. समोरच्या भिंतीवरची लाल अक्षरं तर डोळ्यांत घुसायला लागली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण! ज्या कामासाठी वीस वर्षांच्या सोबत्याला चारचौघांत हाकललं, तेच काम स्वतःच्या हाताने, आणि तेही कोणाच्या गाडीत? लेकीच्या. घाई होती म्हणूनही नाही. नाक मुरडायचं होतं म्हणून.

"जावईबापू," मास्तर म्हणाले, आणि पहिल्यांदा त्या शब्दात टोमणा नव्हता. "गाडीचा दोष नाही. तुमचाही नाही. काम मी घाण केलंय. बोल्ट लोंबत्या चाकांवर आवळले. तुम्हाला आत बसा म्हणावं लागलं असतं, ते मला नको होतं."

जावई रागावला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मग आता काय करायचं?"

"संध्याकाळी तिला घेऊन या. तिच्या वजनासकट आवळायचंय."

संध्याकाळी गाडी ठोकळ्यांवर चढली. पिळून फाटायला आलेले बुश मास्तरांनी दुपारीच बदलले होते आणि लेकीला आणण्यापुरते बोल्ट लिफ्टवरच तात्पुरते आवळून दिले होते. लेक तिच्या सीटवर बसली, जावई त्याच्या. मास्तर पाठीवर सरपटत त्या बुटक्या पोटाखाली गेले. नाकाला लोखंड टेकत होतं. वर लेकीचा आवाज येत होता, ती नवऱ्याला म्हणत होती, "बाबा पडलेत तिथे गार लागत असेल, ते पोतं दे ना खाली." मास्तरांनी एकेक बोल्ट आधी सैल केला. सैल होताना रबराने सुटल्यासारखा कुईं आवाज केला आणि गाडी हळूच बोटभर खाली बसली. मग शेवटचा पाना, चारही चाकांना, शांतपणे.

बाहेर आले तर टायरवाला भिंतीसमोर उभा. "मास्तर, अक्षरं फिकी झालीत. परत रंगवा." 

"तूच रंगव," मास्तर म्हणाले. "मला अधिकार नाही." टायरवाल्याने पाना त्यांच्या हातातून घेऊन पुसला.

मास्तर मागे बसले. पूल आला. लेकीने सवयीने मूठ पकडली, श्वास धरला. पहिला सांधा गेला. नुसतं "ढप्" झालं, उशीवर मूठ मारावी तेवढं. दुसरा, तिसरा. जावयाने वीसचे तीस केले, मग चाळीस. सहाव्या सांध्यानंतर लेकीने मूठ सोडली आणि मोजायचंही सोडलं.

"कसं वाटतंय?" मास्तरांनी विचारलं.

"आता खरंच मस्त, बाबा," ती म्हणाली.

त्या "खरंच"ने मास्तरांना असं काही कापलं की पुढचा अख्खा पूल ते खिडकीबाहेर बघत होते.

आठवड्याने डॉक्टरने अंगठ्याला टाचणी टोचली. लेकीला कळलं नाही. ऑपरेशन झालं. नीट झालं, त्यात वाद नाही, महिनाभरात ती हिंडू-फिरूही लागली. पण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मास्तरांनी डॉक्टरला कोपऱ्यात गाठून विचारलं होतं, "ते पहिले तेरा दिवस धक्के बसले नसते, तर हे टळलं असतं का?" डॉक्टर म्हणाला, "टळलंही असतं, नसतंही. सांगता येत नाही." याहून वाईट उत्तर नाही. हो म्हटला असता तर माणूस रडून मोकळा झाला असता.

दवाखान्यातून लेकीला त्याच लाल गाडीतून घरी आणलं. सतरा सांधे पार झाले आणि ती झोपेतून उठलीसुद्धा नाही. घरी माणसं जमली होती. मेहुणा हसत हसत म्हणाला, "काय गाडी बनवलीत, दाजी! मास्तरांच्या हाताला तोड नाही!" सगळ्यांनी माना डोलावल्या. जावयाने मान डोलावली नाही, पण तो बोललाही काही नाही. त्याने आजवर कोणालाच काही सांगितलं नव्हतं, आणि त्याच्या या चांगुलपणाने मास्तरांचा जीव आणखीच कोंडला.

ते उठून मोरीत गेले. त्या दिवशी शेड बंद होती, हातांना ग्रीसचा डाग नव्हता. तरी त्यांनी साबण घेतला, कोपरापर्यंत फेस केला, धुतला, परत केला. नखं घासली. बाहेर बायकोने पानं वाढली, दोनदा हाक मारली.

"अहो, किती वेळ? एरवी सांगून सांगून धूत नाही, आज काय झालं?"

"घाण आहे," मास्तर आतून म्हणाले, आणि साबण पुन्हा हातात घेतला.